आमच्या दारचा कौल

"अहो, आता तुम्ही मारा की बोंब!" मी म्हटलं.

ह्यांनी मान हलवून नको म्हटलं. तोंड काही उघडलं नाही.

"एकदाच. सणाला म्हणून!"

परत मान. शिवाय ओठांवर बोट.

बाकू शहरात, चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात, मी होळी पेटवली होती. आमच्या ह्यांची तिकडच्या एका तेलकंपनीत नोकरी लागली आणि हिवाळ्याच्या तोंडावर मी गडहिंग्लजहून थेट अझरबैजानला जाऊन पडले, त्याची ही गोष्ट. गॅलरीत मांस भाजायची एक लोखंडी शेगडी होती, घरमालकाची. आम्ही तिच्यावर वांगी भाजायचो. त्या दिवशी तिच्यात काटक्या रचल्या, हळदकुंकू वाहिलं, नारळ मिळाला नाही म्हणून अक्रोड घातला आणि पुरणाच्या पोळीचा नैवेद्य दाखवला. खाली अंगणातही जाळ पेटले होते आणि बायाबाप्ये त्यांच्यावरून उड्या मारत होते. त्यांचा नवरोज जवळ आला होता एवढं मला माहीत होतं. म्हटलं, चला, हा मुलूख मुसलमानांचा खरा, पण होळी त्यांनाही कळते!

आता होळी म्हटली की बोंब आली. बोंबेशिवाय होळी म्हणजे मिठाशिवाय पिठलं. आमच्या गल्लीत बायकांमध्ये माझी बोंब पहिल्या नंबरची होती. तोंडावर हात आपटून मी गॅलरीत सुरुवात करणार, तेवढ्यात ह्यांनी माझा दंड धरला, मला आत ओढलं आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. ह्यांचं नाव चिंतामणी. जसं नाव तसा माणूस. खाली ऑफिसातलं कोणी ऐकेल, घरमालक ऐकेल, पोलीस ऐकतील, काय काय म्हणून भीती होती.

"बरं," मी म्हटलं, "तिकडे नको तर इकडे मारते," आणि जिन्याच्या दारामागच्या बोळकांडीत जाऊन उभी राहिले. तिथं आवाज काय घुमतो म्हणून सांगू!

"रजा नाकारणाऱ्या सायबाच्या बैलाला ढोल!" मी सुरू केलं. आणि मग बो-बो-बो-बो.

ह्यांच्या साहेबानं आमची सणाची रजा नाकारली होती, त्याला उद्देशून होतं ते. हे भिंतीला टेकून उभे, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"ओरडा की! तुमचाच साहेब आहे तो. मी कशाला एकटीनं ओरडू?"

गप्प.

"तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? अहो, बोला काहीतरी! नाही तरी म्हणा!"

गप्पच. मला असा संताप आला की पुढची बोंब मी साहेब सोडून ह्यांच्याच नावानं ठोकली. तेवढ्यात दाराबाहेर खण्णकन काहीतरी वाजलं आणि जिन्यात पावलं वाजली. मी दार उघडलं. कोणी नव्हतं. पायपुसण्याशेजारी फरशीवर एक जुनी लोखंडी किल्ली पडली होती, बोटाएवढी लांब.

"बघा," मी म्हटलं, "चोर आला होता. माझ्या बोंबेनं पळाला. तुमच्या गप्प बसण्यानं पळाला असता का?"

त्यावरही उत्तर नाही. पुरणपोळी आम्ही दोघांनी दोन खोल्यांत खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, हे ऑफिसातून नुकतेच परतले होते, तेव्हा दारावर थाप पडली. आगाबाला दायी. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला दायी म्हणतात, म्हणजे मामा. मी त्यांना सरळ मामाच म्हणायची. अंगणापलीकडच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचे. उभी हयात कॅस्पियन समुद्रातल्या बोटींवर आचारी होते, आता निवृत्त. मिशा एवढ्या मोठ्या की हसले तरी कळायचं नाही. पण त्या दिवशी मिशांवरून पाणी ओघळत होतं. हातात मिठाईचं भरलेलं ताट आणि मागे तळमजल्यावरची झिवार खानम, म्हणजे झिवारबाई, जिला इमारतीतलं सगळं सगळ्यांच्या आधी कळायचं.

"मुली," मामा म्हणाले, "काय केलंस तू हे?"

आमचं बोलणं त्यांची भाषा, थोडं रशियन आणि हातवारे असल्या थालीपिठातून चालायचं. पण त्या दिवशी मला शब्द न् शब्द कळला, कारण मामा रडत बोलत होते आणि झिवार खानम प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होती.

तर प्रकार असा होता. नवरोजच्या आधीचा शेवटचा मंगळवार हा त्यांच्याकडे कौल लावायचा दिवस. आपल्याकडे देवाला कौल लावतात, फूल उजवीकडून पडलं की हो, डावीकडून पडलं की नाही, तसंच. फक्त इथं फूल नाही, कान. मनात एक प्रश्न धरायचा, पायाखाली किल्ली ठेवायची आणि शेजाऱ्याच्या दाराला कान लावून उभं राहायचं. आतून पहिलं जे कानावर पडेल ते आपलं उत्तर. म्हणून त्या संध्याकाळी कोणी घरात वाकडं बोलत नाही. सासू सुनेला 'माझं पाखरू' म्हणते. नवरा बायकोला 'तुझा हात म्हणजे मध' म्हणतो. दाराबाहेर कोण उभं असेल काय सांगावं!

आणि नेमक्या त्या संध्याकाळी, अख्ख्या शहरात एका दारामागे एक बाई घसा फोडून शिव्या देत होती. ती मी.

"पण उभं कोण होतं?" मी विचारलं.

मामांनी नुसतं शेजारच्या दाराकडे बोट केलं. सुदाबा खानम!

सुदाबा खानम म्हणजे आमच्या भिंतीपलीकडची. साठीच्या आतबाहेर, शाळेत पियानो शिकवून निवृत्त झालेली, विधवा. केस कायम नीटनेटके, बोलणं असं मऊ की शेजारी राहून मला तिच्या घरातून भांडं वाजलेलंसुद्धा कधी ऐकू आलं नव्हतं. मामांनी तिला मागणी घातली होती. वर्षभर रोज काही ना काही करून नेत होते, कधी भाताचं, कधी गोडाचं, आणि ती म्हणाली होती की नवरोजला उत्तर देईन. सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. मामा तर आदल्या दिवशी दारोदार फिरून सांगून आले होते, "सुदाबा कुठंही उभी राहील, तुम्ही गोड बोला." एक आमचं दार सोडलं. परदेशी माणसांच्या दाराशी, न कळणाऱ्या भाषेत कौल घ्यायला कोण जाईल, असं त्यांना वाटलं.

"आणि ती तिथंच गेली," झिवार खानम म्हणाली. "आज सकाळी ताट परत पाठवलं. म्हणाली, भारतीयांच्या दारात उत्तर मिळालं, नशीब नाही."

"नशीब नाही," मामा म्हणाले आणि ताटातली एक मिठाई उचलून खाल्ली. दुःखात आचारीसुद्धा खातो, हे मी तेव्हा पाहिलं.

हे तेवढ्यात आतून आले. माझ्याकडे एकदा पाहिलं, त्यात 'सांगत होतो की नाही' असं सगळं होतं, पण बोलले नाहीत. अबोला चालूच होता. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी फार वाईट वाटलं. वर्षभर एक माणूस जिने चढतोय, आणि माझ्या एका बोंबेनं त्याचं सगळं पाण्यात गेलं. शिमगा गेला पण कवित्व राहिलं म्हणतात ना, ते माझ्या दारात येऊन बसलं होतं.

"मामा, मी निस्तरते," मी म्हटलं.

"कसं?"

"तिच्या दाराशी जाऊन गोड बोलते. आत्ता."

झिवार खानमला कल्पना एकदम पटली. पाच मिनिटांत सुदाबा खानमच्या दारापुढे आम्ही सगळे उभे. मी, हे, मामा ताटासकट, झिवार खानम आणि तिनं वाटेत गोळा केलेल्या चार बायका. मी घसा साफ केला आणि दाराकडे तोंड करून, जेवढं म्हणून गोड मराठीत आहे तेवढं म्हणत सुटले.

"साखर! गूळ! बासुंदी! श्रीखंड! लाडके, सोनुले, गुणाची गं बाय ती!"

मग ह्यांना कोपर मारलं. ह्यांनी घाम पुसला आणि मयताला गेल्यासारख्या आवाजात म्हणाले, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. दार उघडलं. सुदाबा खानम राखाडी शाल पांघरून उभी होती. डोळे थोडे सुजलेले, पण बोलणं तेच मऊ.

"आभारी आहे," ती म्हणाली. "पण आता तुम्हाला माहीत आहे की मी ऐकतेय. माहीत असताना बोललेलं मोजत नाहीत. म्हणून तर मी काल तुमच्याकडे गेले. बाकी सगळ्यांना पढवलं होतं." ती मामांकडे पाहून हे म्हणाली. मामा ताटाकडे पाहू लागले.

"पण मी काय म्हणत होते ते तर ऐका!" मी म्हटलं. "ती शिवी नव्हती. म्हणजे होती, पण तुम्हाला नव्हती. सायबाला होती!"

"काय म्हणत होतीस?" झिवार खानमनं विचारलं.

"त्याच्या बैलाला ढोल."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"साहेबाकडे बैल आहे?" एकीनं विचारलं.

"नाही."

"मग ढोल कुणाला?"

"कुणालाच नाही हो! असं म्हणतात."

"बैल नाही, ढोल नाही," झिवार खानम मामांना म्हणाली, "आणि ह्यावर तुझं लग्न मोडलं."

मामांनी ताट जिन्याच्या पायरीवर ठेवलं. एकदा सुदाबा खानमकडे पाहिलं, मला वाटलं आता काही बोलतील, पण तोंड मिटून वळले आणि खाली निघून गेले. अंगणापलीकडे त्यांचं दार आपटलेलं चौथ्या मजल्यावर ऐकू आलं.

सुदाबा खानम ते ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "बघितलंस ना?" आणि आत वळली. मी तिच्या मागोमाग घुसले. मला बोलावलं नव्हतं, पण तिची किल्ली माझ्याकडे होती, ती द्यायला म्हणून गेले. बाकीच्यांना बाहेर ठेवून दार लावून घेतलं.

घर लखलखीत. टेबलावर बशीत गव्हाचे हिरवे कोंब, लाल फितीनं बांधलेले. आपण नवरात्रात घटाखाली धान पेरतो ना, हुबेहूब तसं. मला एकदम आईचं देवघर आठवलं आणि डोळ्यात पाणी आलं. तिनं ते पाहिलं, पण विचारलं नाही. चहा दिला, चेरीचा मुरांबा दिला. त्या बाईनं मला घराबाहेर काढायला हवं होतं आणि ती मुरांबा वाढत होती.

"खानम, मला माफ करा," मी म्हटलं. "आमच्या इथं त्या दिवशी ओरडतात. पोटात जे काय आंबलेलं असेल ते बाहेर काढायचं, आगीत टाकायचं आणि वर्षभर मोकळं राहायचं. अशुभ नाही ते. त्या बैलाचं तुम्ही मनावर घेऊ नका."

"कसला बैल?" तिनं विचारलं.

"तुम्ही ऐकलात तो."

"मला काय तुझी भाषा कळते, मुली? तू काय बोललीस, चांगलं की वाईट, मला माहीत नाही. तू ओरडतेस ते मी रोज ऐकते."

मी ओशाळले. ती भिंत असली पातळ होती की आमच्याकडे फोडणी पडली की तिच्याकडे शिंक यायची. "रोज ऐकू येतं?"

"इथं बसते मी." तिनं भिंतीला टेकवलेली खुर्ची दाखवली. बाजूला लोकरीचा गुंडा आणि सुया. "संध्याकाळी तुझा नवरा आला की तुम्ही सुरू होता. तू काही म्हणतेस, तो काही म्हणतो. तू मोठ्यानं, मग तो मोठ्यानं. मग एकदम हसता. मी विणत बसते."

"अहो, भांडतो आम्ही! मिठावरून, टॉवेलवरून, त्यांच्या आईवरून."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "किती बोलता तुम्ही एकमेकांशी!"

मग ती कोंबांवर पाणी शिंपडत बसली.

"माझा कामिल," ती म्हणाली, "सोन्यासारखा माणूस होता. कोणालाही विचार. कधी हात उचलला नाही, कधी आवाज चढवला नाही. रुसला की बोलायचा नाही, एवढंच. आठवडा, कधी महिना. मी ताट वाढायची, तो जेवायचा, उठून जायचा. मी विचारायची, मीठ बरोबर आहे का? तो वर्तमानपत्र उलटायचा. पुढे पुढे मी विचारणंही सोडलं. गेला, तेव्हाही अबोलाच होता. कशावरून धरला होता ते मला अजून माहीत नाही."

"अगं बाई," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, पण तिला कळलं असावं.

"लोक म्हणतात, किती शांत घर. काल मी मनात एकच धरलं होतं. ह्या वयात कुणाच्या घरी गेले, तर माझ्याशी शेवटपर्यंत कोणी बोलेल का? आणि तुमच्या दाराशी आले. म्हटलं, तिथं नक्की उत्तर मिळतं. मग तू ओरडलीस. थांबलीस. परत काहीतरी विचारलंस. परत थांबलीस. मी वाट पाहत होते. तू विचारत राहिलीस आणि आतून पुरुषाचा आवाज आलाच नाही." तिनं शाल सारखी केली. "पायाखालची किल्ली निसटली माझ्या. पुढे ऐकवेना."

मघापासून आम्ही सगळे त्या बैलाच्या मागे लागलो होतो. ओरडणं तिला टोचलंच नव्हतं. टोचलं होतं ते ह्यांचं गप्प बसणं.

"पण मामा तसे नाहीत," मी म्हटलं. "ते किती बोलतात!"

"गोड बोलतात. वर्षभर गोडच बोलतात. कामिलही पहिलं वर्ष गोड बोलायचा. आज ताट परत पाठवलं, तर काय केलं त्यांनी? तूच बघितलंस. एक शब्द न बोलता दार लावून बसले." ती हसली, पण ते हसणं बघवेना. "कौल खरा निघाला, मुली."

मी चहा अर्धा टाकून उठले. तिथून जी निघाले ती चार मजले उतरून, अंगण ओलांडून थेट मामांच्या दारात. अंगणात कालच्या जाळांची राख होती, माझ्या चपला बरबटल्या. तशी धुळवडच होती त्या दिवशी. मामांनी दार उघडलं नाही.

"मामा, उघडा."

आतून काही नाही.

"मामा, रुसून बसलात तर ती गेली! कायमची गेली! ऐकताय का?"

"मी रुसलो नाही," आतून आवाज आला. "माझी मान खाली गेली, म्हणून बसलोय."

"तिला काय भिंतीतून दिसतंय का तुमची मान? बाहेर या आणि भांडा तिच्याशी."

दार उघडलं. मामांच्या अंगरख्याला पीठ लागलेलं, हातात लाटणं. दुःखात ते परत काहीतरी लाटत होते. "भांडू? नवरोजच्या आठवड्यात? तिच्याशी? अल्ला माफ करो, मी तिच्याशी कधी चढ्या आवाजात बोललो नाही."

"तिथंच तर चुकलं!" मी म्हटलं आणि जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. कामिलचं, अबोल्याचं, खुर्चीचं. एखाद्या बाईनं विश्वासानं सांगितलेलं असं उघडं करू नये हे मला कळतं. पण त्या वेळी मी गप्प बसले असते, तर आणखी एक गप्प बसणं झालं असतं.

मामा ऐकता ऐकता लालेलाल झाले. "कामिल असा होता? आमच्याशी तर सोंगट्या खेळताना अखंड बडबडायचा!" मग लाटण्याकडे बघत म्हणाले, "पण भांडू कशावरून? माझं तिच्याशी काहीच भांडण नाही."

"खरंच नाही? एकही राग नाही? वर्षभर जिने चढताय."

मामा विचार करायला लागले. मिशा हलायला लागल्या. "ताट," ते हळूच म्हणाले. "न चाखता परत पाठवलं."

"हां. तिथून सुरू करा."

लाटणं हातात तसंच घेऊन मामा अंगणाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. दिवस कलायला आला होता, बायका कपडे काढत होत्या, पोरं राखेत खेळत होती. मी धावत वर आले. हे गॅलरीत उभेच होते. मी पोचते न पोचते तोच खालून आवाज आला. बोटीच्या भोंग्यासारखा आवाज होता त्या माणसाचा, वर्षभर कुठं लपवला होता कोण जाणे.

"सुदाबा!"

नुसतं सुदाबा. खानम नाही. सगळ्या गॅलऱ्यांत माणसं आली. झिवार खानम तर खुर्चीच घेऊन आली. शेजारची खिडकी थोडीशी उघडली.

"लोक ऐकतायत," सुदाबा खानम म्हणाली.

"ऐकू देत! काल अख्खं शहर दारांना कान लावून होतं, आज उघड्यावर ऐका! उभा जन्म मी बोटीवर रांधलं. समुद्र खवळायचा, माणसं आडवी पडायची, तरी माझं ताट कोणी परत पाठवलं नाही! तू पाठवलंस! न चाखता!"

ती खिडकी आता बंद झाली की संपलं. मी ह्यांचा हात घट्ट धरला. खिडकी हलली. आणि पूर्ण उघडली.

"कारण तुमच्या हातचं मला गोडमिट्ट होतं!" सुदाबा खानम म्हणाली. मोठ्यानं म्हणाली! तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "वर्षभर माझे दात दुखतायत!"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी? ताट ठेवायचं, स्तुती करायची आणि पळायचं!"

"पळायचो कारण माझे गुडघे दुखतात! चौथा मजला आहे तुझा! वर थांबलो असतो तर उतरता आलं नसतं!"

"मग चढलात कशाला?"

"हा काय प्रश्न झाला का, बाई?" मामा लाटणं आकाशाकडे करून ओरडले.

कोणीतरी हसलं. झिवार खानमनं त्याला गप्प केलं. आणि तेवढ्यात, आदल्या संध्याकाळपासून माझ्याशी अवाक्षर न बोललेले आमचे हे माझ्या कानाशी म्हणाले, "अगं, सांग त्यांना, थांबू नका म्हणावं."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

आणि हे, ऑफिसला भिणारे, पोलिसांना भिणारे, गॅलरीच्या कठड्यावर वाकून ओरडले, "मामा, थांबू नका! बोला!"

पण बोलायची पाळी मामांची नव्हती. सुदाबा खानम खिडकीत दोन्ही हात टेकून उभी होती आणि तिचा आवाज उतरला होता. तरी सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आणि उद्या मी तुला काही टाकून बोलले," ती म्हणाली, आणि तिनं 'तू' म्हटलं ते अंगणातल्या प्रत्येकानं ऐकलं, "तर दार लावून बसशील? आज बसलास तसा?"

मामांनी लाटणं खाली केलं.

"बसून पाहिलं," ते म्हणाले. "जमलं नाही मला. तासाभरातच चुलीशी बोलायला लागलो. चूल काही उत्तर देत नाही, सुदाबा."

ती खिडकीतून नाहीशी झाली. मामा तसेच उभे. मला वाटलं, झालं, आता हीच गप्प बसली. मग ती पुन्हा दिसली. केस विस्कटले होते आणि तिनं ते सारखे केले नव्हते.

"खाली उभं राहून ओरडू नकोस," ती म्हणाली. "वर ये."

"कशाला?"

"राहिलेलं भांडायला. चहा टाकलाय."

अंगणात एकच गलका झाला. झिवार खानम मोठ्यानं रडायला लागली. आम्ही दोघं जिन्याकडे धावलो आणि कठड्यावरून खाली वाकून पाहू लागलो. आगाबाला मामा चढत होते. एक हात गुडघ्यावर, एका हातात लाटणं, प्रत्येक मजल्यावर थांबून कुरकुरत. हा जिना बांधणाऱ्याचं वाटोळं होवो. चौथ्या मजल्यावर राहायला काय पक्षी आहेस का? आणि वर आपल्या उघड्या दारात सुदाबा खानम कमरेवर हात ठेवून उभी होती आणि एकाही कुरकुरीला उत्तर दिल्याशिवाय सोडत नव्हती.